पचन आणि एन्झाइम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पचनाच्या एन्झाइमबद्दलचे प्रश्न साधारण दोन प्रकारचे असतात. काही शाळेच्या पुस्तकातून उठलेले, तर काही हातात रिपोर्ट किंवा औषधाची बाटली धरून विचारलेले. इथे दोन्ही घेतले आहेत, सोप्यापासून अडचणीच्या क्रमाने. एन्झाइमला मराठीत विकर म्हणतात. पुढे दोन्ही शब्द येतील, अर्थ एकच.

१. विकर म्हणजे नेमकं काय? ते ॲसिडसारखं अन्न विरघळवतं का?

नाही. विकर हे एक प्रथिन असतं आणि त्याच्या घडीत ठरावीक आकाराची खाच असते. त्या खाचेत बसेल असाच रेणू ते पकडतं, पाण्याचा एक रेणू वापरून त्यातला एक बंध तोडतं, तुकडे सोडून देतं आणि पुढच्या रेणूला लागतं. यात ते स्वतः खर्ची पडत नाही, म्हणून थोडं विकर पुष्कळ अन्नाला पुरतं. खाच ठरलेली, म्हणून कामही ठरलेलं: स्टार्च तोडणारं विकर प्रथिनाला हातही लावत नाही.

ॲसिडशी तुलना करायची तर हे बघा. प्रयोगशाळेत नुसत्या ॲसिडने प्रथिनांची अमिनो आम्लांपर्यंत फोड करायला तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ११० अंश सेल्सिअसला सुमारे २४ तास ठेवावं लागतं. आतडं जवळपास तेच काम ३७ अंशांना, काही तासांत उरकतं.

नावांच्या शेवटी 'एज' का, असंही बरेच जण विचारतात. १८३३ साली पायां आणि पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोड आलेल्या बार्लीतून 'डायस्टेज' वेगळं केलं. त्याचंच शेपूट पुढे बाकीच्यांना लागलं. पेप्सिन (१८३६) आणि ट्रिप्सिन (१८७६) ही नावं ती प्रथा रूढ होण्याआधीची, म्हणून ती वेगळी वाटतात.

२. कोणतं विकर कुठे काम करतं, हे एका जागी सांगाल का?

तोंडात लाळेतलं अमायलेज असतं, जुन्या पुस्तकांतलं टायलिन ते हेच. ते स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतं. लाळ दिवसाला एक ते दीड लिटर सुटते. जठरात पेप्सिन प्रथिनांचे मोठे तुकडे करतं, आणि जठरातलं लायपेज स्निग्ध पदार्थांचा थोडा भाग फोडतं.

खरा कारखाना त्यापुढे, लहान आतड्याच्या सुरुवातीला म्हणजे आद्यांत्रात आहे. स्वादुपिंडातून रोज एक ते दीड लिटर रस तिथे येतो. त्यात स्टार्चसाठी अमायलेज, मेदासाठी लायपेज, आणि प्रथिनांसाठी ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन, इलॅस्टेज, कार्बोक्सिपेप्टिडेज असा सगळा संच असतो. या रसातल्या बायकार्बोनेटमुळे जठरातून आलेलं ॲसिड मारलं जातं. तसं झालं नाही तर ही विकरं कामच करणार नाहीत.

शेवटचा घाव मात्र आतड्याच्या अस्तरावर पडतो. लॅक्टेज, सुक्रेज, माल्टेज आणि पेप्टाइड तोडणारी विकरं रसात तरंगत नाहीत, ती अस्तराच्या पेशींवर रोवलेली असतात. म्हणून अस्तर खरवडलं गेलं की सगळ्यात आधी यांची उणीव भासते (प्र. १० पाहा). साखर शेवटी ग्लुकोजसारख्या एकेरी रेणूंपर्यंत तुटावीच लागते. प्रथिनांचे मात्र दोन-तीन अमिनो आम्लांचे तुकडेही पेशीत शिरतात आणि आत गेल्यावर तुटतात.

३. घास तर काही सेकंदांत गिळला जातो. मग 'पचन तोंडात सुरू होतं' याला अर्थ काय?

अमायलेज घासाबरोबर खाली जातं आणि तिथेही काम करत राहतं. जठराच्या वरच्या भागात जेवण गोळ्यासारखं साचतं. ॲसिड बाहेरून आत मुरायला वेळ लागतो आणि तोवर, अर्धा तास किंवा जास्तही, गोळ्याच्या आत लाळेचं काम चालू असतं. सामू म्हणजे पीएच (आकडा जितका कमी, तितकं ॲसिड जास्त) चारच्या खाली गेला की ते थांबतं.

तरीही लाळ नसली तर स्टार्च पचणारच नाही असं नाही, स्वादुपिंडाचं अमायलेज एकटंही पुरतं. चावण्याचा मोठा फायदा वेगळाच आहे. तुकडे जितके बारीक, तितका पृष्ठभाग जास्त आणि तितकी सगळ्याच विकरांना जागा जास्त. किती वेळा चावायचं याचा जादूचा आकडा नाही. घास लगदा होईपर्यंत चावा, एवढं पुरे.

४. लाळेचं अमायलेज काम करताना बघता येईल का?

येईल, आणि अर्ध्या तासात. १ ग्रॅम कॉर्नफ्लोअर (चहाच्या चमच्याचा साधारण तिसरा हिस्सा) आधी थोड्या गार पाण्यात कालवा. मग एकूण १०० मिलिलीटर पाणी करून मिनिटभर उकळा आणि कोमट होऊ द्या. चार छोट्या वाट्यांत १०-१० मिलिलीटर घ्या. पहिलीत २ मिलिलीटर पाणी, दुसरीत २ मिलिलीटर लाळ, तिसरीत तेवढीच पण आधी उकळून गार केलेली लाळ, आणि चौथीत लाळ अधिक २ मिलिलीटर व्हिनेगर. चारही वाट्या ३७ अंशांच्या, म्हणजे हाताला जेमतेम कोमट लागणाऱ्या पाण्यात ठेवा. पांढऱ्या ताटलीवर आयोडीनच्या पातळ द्रावणाचे थेंब मांडून ठेवा आणि दर दोन मिनिटांनी प्रत्येक वाटीतला एक थेंब त्यावर सोडा.

पहिली, तिसरी आणि चौथी वाटी निळी-काळीच राहते. दुसरीचा रंग निळ्यावरून तांबूस होतो आणि शेवटी आयोडीनचा स्वतःचा पिवळट तपकिरी रंग तेवढा उरतो. तांबूस टप्पा चुकवू नका. तोडल्या गेलेल्या पण अजून साखर न झालेल्या मधल्या लांबीच्या साखळ्या, म्हणजे डेक्स्ट्रिन, तिथे दिसतात.

फसण्याच्या जागा तीन. स्टार्च गरम असतानाच लाळ घातली की विकराची घडी उलगडते आणि दुसरी वाटीही निळीच राहते. आयोडीन थेट वाटीत ओतलं तर ते विकरालाच बाधतं. आणि आधी आंबट फळ खाल्लं असेल तर त्यातलं क जीवनसत्त्व आयोडीनचा रंग घालवतं, मग काहीच न पचता 'यश' मिळतं. म्हणून आधी चूळ भरा आणि पाच मिनिटं थांबा. दोघांच्या लाळेचा वेग वेगळा आला तर काही बिघडलेलं नाही. या अमायलेजच्या जनुकाच्या प्रतींची संख्या माणसागणिक बदलते.

५. जठरात एवढं ॲसिड आणि पेप्सिन असताना जठर स्वतःलाच का पचवत नाही?

पेप्सिन पेशीतून पेप्सिन म्हणून बाहेर पडतच नाही. पेप्सिनोजेन या निष्क्रिय रूपात ते सुटतं, आणि पोकळीतल्या ॲसिडमध्ये पोचल्यावर त्याचं टोपण गळून पडतं. पोकळीत सामू दीड-दोनच्या आसपास असतो. अस्तरावर मात्र चिकट श्लेष्माचा थर असतो आणि त्यात बायकार्बोनेट मुरलेलं असतं, त्यामुळे पेशींना टेकेपर्यंत सामू सातच्या जवळ येतो आणि तिथे पेप्सिन निकामी ठरतं. शिवाय वरच्या पेशी काही दिवसांतच बदलल्या जातात.

हे कवच बहुतेकदा दोन गोष्टींनी फाटतं. एक, हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू, जो बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये वाढवून दाखवला. गंमत म्हणजे तो स्वतः ॲसिडमध्ये तगतो तोही एका विकराच्या, युरिएजच्या, जोरावर. ते अमोनिया तयार करून त्याच्याभोवतीचं ॲसिड मारतं, आणि श्वासाच्या चाचणीत याच युरिएजचा माग काढला जातो. दुसरी गोष्ट, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या. श्लेष्मा आणि बायकार्बोनेट टिकवणारं प्रोस्टाग्लँडिन त्यांच्यामुळे कमी होतं.

६. मग स्वादुपिंड कसं वाचतं? आणि स्वादुपिंडाला सूज येते तेव्हा काय होतं?

तिथेही तीच युक्ती, फक्त कुलूप दुहेरी. ट्रिप्सिन हे ट्रिप्सिनोजेन म्हणून बाहेर पडतं. त्याची किल्ली, म्हणजे एन्टेरोपेप्टिडेज हे विकर, स्वादुपिंडात नाहीच. ती आद्यांत्राच्या अस्तरावर आहे. तिथे पोचल्यावर थोडं ट्रिप्सिन जागं होतं आणि मग तेच बाकीच्या सगळ्या निद्रिस्त विकरांना उठवतं. चुकून आतच थोडं ट्रिप्सिन जागं झालं तर त्याची खाच बुजवणारं एक प्रथिन स्वादुपिंड सोबत बाळगून असतं.

पित्ताचा खडा नळीच्या तोंडाशी अडकला, मद्यपान खूप झालं, किंवा रक्तातले ट्रायग्लिसराइड डेसिलीटरला १,००० मिलिग्रॅमच्या वर गेले की हा बंदोबस्त मोडू शकतो. विकरं आतच जागी होतात आणि ग्रंथीचा ऊतीच पचायला लागतो. वरच्या पोटात न थांबणारी, पाठीत घुसणारी कळ आणि उलट्या ही खूण. हे घरी थांबून बघायचं दुखणं नाही, लगेच रुग्णालय गाठा.

७. पित्त हे विकर आहे का? पित्ताशय काढल्यावर तेलकट पचेल का?

पित्तात पचनाचं विकर नसतं. पित्तक्षार साबणासारखे वागतात: मेदाच्या मोठ्या थेंबाचे बारीक थेंब करतात. लायपेज थेंबाच्या पृष्ठभागावरच काम करतं, म्हणून हे गरजेचं. पण पित्तक्षार लायपेजला त्या पृष्ठभागावरून ढकलूनही देतात. ते चिकटून राहावं म्हणून स्वादुपिंड कोलायपेज नावाचं जोडप्रथिन पाठवतं. मग एका मेदरेणूतून दोन मेदाम्लं आणि एक मोनोग्लिसराइड सुटतं, आणि पित्तक्षारच ते वाहून पेशींपर्यंत नेतात.

पित्ताशय ही फक्त साठवण्याची पिशवी, पित्त यकृतात तयार होतं. पिशवी गेल्यावर ते थेट थेंबथेंब आतड्यात येत राहतं. बहुतेकांचं यात छान भागतं. काहींना सुरुवातीला पातळ शौच होतं. तेव्हा तेल-तूप-लोणी एकाच जेवणात न कोंबता दिवसभरात वाटून खावं. एन्झाइमच्या गोळ्यांची गरज नसते, कारण स्वादुपिंड शाबूत आहे.

८. जेवताना पाणी प्यायलं तर पाचकरस पातळ होतात का? गार पाण्याने विकरं थंडावतात का?

दोन्ही भीती अवाजवी. जठर गरजेप्रमाणे ॲसिड सोडत राहतं आणि नुसतं पाणी तिथे फार थांबतही नाही. गार पाणी थोड्याच वेळात शरीराच्या तापमानाला येतं. थंडीने विकराचा वेग तेवढ्यापुरता मंदावतो, पण त्याची घडी मोडत नाही. घडी मोडते ती उष्णतेने, पचनाच्या बहुतेक विकरांच्या बाबतीत ५०-६० अंशांच्या पुढे. इतकं ऊन तुमच्या पोटात कधी होत नाही, तापातसुद्धा नाही.

९. ॲसिडिटीची गोळी रोज चालू आहे. प्रथिनं पचणार नाहीत का?

पचतील. प्रथिनांच्या पचनात पेप्सिनचा वाटा साधारण १० ते २० टक्के, बाकीचं स्वादुपिंड बघतं. जठर पूर्ण काढलेली माणसंही प्रथिनं पचवतात. लक्ष ठेवायचं ते ब१२ जीवनसत्त्वावर. अन्नातलं ब१२ प्रथिनाला चिकटलेलं असतं आणि ते सुटायला ॲसिड आणि पेप्सिन दोन्ही लागतात. गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर ब१२ ची रक्ततपासणी करावी का, हे डॉक्टरांना विचारा. गोळी मनाने एकदम थांबवू नका, ॲसिड उसळून येतं.

१०. दूध प्यायलं की पोट गुबारतं आणि जुलाब होतात, पण दही चालतं. असं का?

लॅक्टेज कमी पडतंय. दुधातली साखर, लॅक्टोज, न तुटता मोठ्या आतड्यात जाते. ती पाणी ओढून घेते, आणि तिथले जिवाणू तिच्यापासून गॅस बनवतात. यात विचित्र काही नाही. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांत बालपणानंतर लॅक्टेज घटतं. प्रौढपणीही ते टिकून राहणं हाच खरा अपवाद.

दही चालतं कारण त्यातल्या जिवाणूंनी थोडं लॅक्टोज आधीच खाल्लेलं असतं आणि उरलेलं तोडायला ते स्वतःचं लॅक्टेज घेऊन येतात. मुरलेल्या कडक चीजमध्ये लॅक्टोज नावालाच असतं. २५० मिलिलीटर दुधात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज येतं, आणि लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेकांना एका वेळी एवढं फारशा त्रासाशिवाय सोसतं, विशेषतः जेवणाबरोबर. त्यामुळे दूध पूर्ण तोडण्याआधी अर्धा कप, जेवणासोबत, असं करून बघा. लॅक्टेजची गोळी पहिल्या घोटाबरोबरच घ्यायची. तासाभराने घेतलेली गोळी म्हणजे गाडी सुटल्यावर काढलेलं तिकीट. लॅक्टोजमुक्त दूध जास्त गोड लागतं ते साखर घातली म्हणून नव्हे. लॅक्टोज तुटून झालेले ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज मुळातच जास्त गोड असतात.

दोन गोष्टी वेगळ्या ओळखा. जोराच्या जुलाबानंतर अचानक दूध सोसेनासं झालं तर अस्तर खरवडलं गेल्यामुळे लॅक्टेज गेलेलं असतं. अस्तर भरून आलं की काही आठवड्यांत ते बहुधा परत येतं. आणि दुधाने अंगावर पित्त उठत असेल, ओठ सुजत असतील किंवा धाप लागत असेल, तर ती दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी. तिथे लॅक्टेजची गोळी कामाची नाही.

११. दूध बंद केलं तरी फरक नाही. सफरचंद, मध, शुगर-फ्री च्युइंगगम यांनी त्रास होतो. कोणतं विकर कमी आहे?

बहुधा कोणतंच नाही. फ्रुक्टोज हा एकेरी रेणू, त्याला तोडायचं काहीच नसतं. तो पेशीत नेणाऱ्या वाहक प्रथिनाची क्षमता मर्यादित असते आणि ती ओलांडली की उरलेला भाग खाली जातो. बिनसाखरेच्या गोळ्यांतलं सॉर्बिटॉल तर मुळातच अर्धवट शोषलं जातं. लक्षणं प्र. १० सारखीच, कारण निराळं, आणि उपाय एकच: प्रमाण कमी करणं.

१२. कडधान्यांनी गॅस होतो. पचनशक्ती कमी झाली का?

नाही, ती कधी नव्हतीच. कडधान्यांतल्या रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा तोडणारं अल्फा-गॅलॅक्टोसायडेज माणसाच्या आतड्यात कुणाच्याच नसतं. ८ ते १२ तास भिजवून ते पाणी फेकून दिलं आणि नव्या पाण्यात शिजवलं तर या साखरांचा बराच भाग निघून जातो. अल्फा-गॅलॅक्टोसायडेजची गोळी पहिल्या घासाबरोबर घेतली तर उपयोगी पडते. मात्र गॅलॅक्टोसीमिया (शरीराला गॅलॅक्टोज वापरता न येण्याचा जन्मजात आजार) असलेल्यांनी ती घेऊ नये, कारण ती गॅलॅक्टोजच सोडते.

अर्धकच्ची कडधान्यं टाळण्याला आणखी एक कारण आहे. कच्च्या सोयाबीनसारख्या बियांत ट्रिप्सिनची खाच बुजवणारी प्रथिनं असतात. नीट शिजवल्यावर ती बहुतांशी निष्क्रिय होतात.

१३. शिजवल्याने अन्नातली 'जिवंत एन्झाइम' मरतात. मग कच्चंच खावं का?

कच्च्या भाजीतली विकरं त्या झाडाच्या कामाची असतात, आपलं जेवण पचवण्यासाठी घडवलेली नव्हेत. त्यातली बहुतेक जठरात स्वतःच पचतात. उलट शिजवण्याने पचन सोपं होतं: स्टार्चचे घट्ट कण पाण्यात फुलतात, प्रथिनांच्या घड्या उलगडतात, आणि विकरांना आत शिरायला वाट मिळते.

पपईचं पपेन, अननसाचं ब्रोमेलेन, किवीचं ॲक्टिनिडिन ही प्रथिनं फोडणारी विकरं मात्र खरी जोरकस. ताज्या अननसाने जीभ चुरचुरते त्यात ब्रोमेलेनचा हात असतो. जिलेटिनच्या जेलीत ताजा अननस घातला की जेली जमतच नाही, डबाबंद अननसाची मात्र जमते, कारण डबा भरताना दिलेल्या उष्णतेने ब्रोमेलेन संपलेलं असतं. मांस मऊ करायला ही फळं उत्तम. पण जेवणानंतरच्या दोन फोडींनी पचनाचा कायापालट होईल अशी आशा धरू नका.

शिजवून गार केलेल्या भाताचं आणि बटाट्याचं गणित उलटं. गार होताना स्टार्चच्या काही साखळ्या पुन्हा घट्ट जुळतात आणि अमायलेजला दाद देत नाहीत. तो भाग तंतूंसारखा मोठ्या आतड्यात जातो.

१४. जेवण जड वाटतं. दुकानात मिळणारं एन्झाइमचं सिरप किंवा गोळी रोज घेऊ का?

निरोगी माणसाला त्यातून काही मिळतं असं आमचं मत नाही. स्वादुपिंडाकडे प्रचंड शिल्लक असते: लायपेज नेहमीच्या दहा टक्क्यांच्या खाली उतरल्यावरच शौचात मेद ठळक दिसू लागतो. जेवणानंतरचा जडपणा बहुधा जास्त खाणं, खूप मेद, घाईने गिळलेली हवा किंवा जठर हळू रिकामं होणं यांतून येतो, आणि यांपैकी एकावरही विकराचा इलाज नाही. शिवाय आवरण नसलेलं अमायलेज, लायपेज जठरातल्या ॲसिडमध्ये बरंचसं वाया जातं.

ज्यांना खरंच उणीव आहे त्यांची चिन्हं वेगळी असतात. शौच फिकट, चिकट, घाण वासाचं, पाण्यावर तेलाचा तवंग सोडणारं, भांड्याला चिकटून राहणारं असतं, आणि भूक असूनही वजन घटतं. असं असेल तर सिरप नको, तपासणी हवी (प्र. १७).

१५. डॉक्टरांनी पॅनक्रिएटिनच्या, म्हणजे स्वादुपिंडाच्या विकरांच्या, कॅप्सूल दिल्या आहेत. त्या नेमक्या कशा घ्यायच्या?

पहिल्या घासाबरोबर. जेवण लांबणार असेल तर अर्ध्या सुरुवातीला, अर्ध्या मध्यावर. उपाशी पोटी घेतल्या तर वाया, जेवण झाल्यावर घेतल्या तर बहुतांशी वाया, कारण विकर आणि अन्न एकत्रच आद्यांत्रात उतरायला हवं. आतल्या दाण्यांवरचं आवरण सामू साधारण साडेपाचच्या वर गेल्यावरच विरघळतं. म्हणून चावू नका, कुटू नका. दाणे तोंडात राहिले तर तोंड येतं, कारण विकराला तुमची त्वचाही प्रथिनच.

प्रौढांत मुख्य जेवणाला साधारण ४०,००० ते ५०,००० युनिट लायपेज आणि मधल्या खाण्याला त्याच्या निम्मं अशी सुरुवात करतात. पुढचा डोस डॉक्टर लक्षणांवरून ठरवतात. गिळता येत नसेल तर कॅप्सूल उघडून दाणे सफरचंदाच्या गरासारख्या आंबटसर मऊ पदार्थावर घाला आणि लगेच गिळा. दुधात किंवा गरम पदार्थात नको, आवरण आधीच सुटेल. डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका. काळ्या चहाला किंवा साध्या फळाला कॅप्सूल लागत नाही, दुधाच्या मोठ्या ग्लासाला लागते. ही विकरं सहसा डुकराच्या स्वादुपिंडातून काढतात. त्याला हरकत असेल तर आधीच सांगा.

सिस्टिक फायब्रोसिसच्या (घट्ट स्रावाने स्वादुपिंडाच्या नळ्या बुजवणारा जन्मजात आजार) रुग्णांत वजनाच्या किलोमागे दिवसाला १०,००० युनिटच्या वर जाऊ देत नाहीत, कारण फार मोठ्या डोसने मोठं आतडं आकसल्याची उदाहरणं आहेत.

१६. कॅप्सूल चालू आहेत, तरी शौच तेलकटच. काय चुकतंय?

या क्रमाने तपासा. वेळ: जेवणाच्या आधी-नंतर घेताय का? प्रमाण: मेदाच्या जेवणाला तेवढ्याच कॅप्सूल का? साठवण: डबी २५ अंशांच्या वर, तापलेल्या गाडीत किंवा खिडकीत राहिली होती का? हे सगळं ठीक असेल तर डॉक्टर पुढचे धागे पकडतात: बायकार्बोनेट कमी असल्याने आतड्यात ॲसिड उरणं (तेव्हा ॲसिड कमी करणारी गोळी जोडतात), लहान आतड्यात जिवाणू माजणं, पित्त कमी येणं, सीलिअॅक (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याचं अस्तर बिघडण्याचा आजार). मेद खाणं बंद करणं हा उपाय नव्हे. त्याने शौच सुधारल्यासारखं दिसतं, पण वजन आणि अ, ड, ई, के जीवनसत्त्वं आणखी घसरतात.

१७. शौचाच्या तपासणीत इलॅस्टेज १४० आलं. स्वादुपिंड निकामी झालं का? आणि तपासणीआधी कॅप्सूल बंद करायच्या का?

ग्रॅममागे २०० मायक्रोग्रॅमच्या वर नॉर्मल, १०० च्या खाली तीव्र उणीव, मधला पट्टा संशयाचा. तुमचा आकडा संशयात आहे. नमुना पातळ होता का, हे आधी आठवा. पाण्यासारख्या शौचात इलॅस्टेज पातळ होऊन आकडा खोटाच कमी येतो. घट्ट नमुना देऊन पुन्हा तपासा.

कॅप्सूल बंद करायची गरज नाही. नेहमीच्या चाचणीत मानवी इलॅस्टेजच मोजलं जातं, कॅप्सूलमधलं डुकराचं त्यात येत नाही. त्याच कारणाने कॅप्सूल लागू पडतायत की नाही हेही ही तपासणी सांगू शकत नाही.

१८. रक्तात अमायलेज वाढलंय, पण पोट दुखत नाही. काळजी करू का?

अमायलेज लाळग्रंथीतूनही येतं, म्हणून गालगुंडात ते वाढतं. मूत्रपिंड कमजोर असेल तर साचतं. काहींच्या रक्तात ते दुसऱ्या प्रथिनाला चिकटून इतकं मोठं होतं की लघवीवाटे जातच नाही, आणि आकडा कायम चढा राहतो, बाकी सगळं ठणठणीत. स्वादुपिंडाला सूज ठरवताना नमुनेदार वेदना, कमाल मर्यादेच्या तिप्पट किंवा जास्त लायपेज वा अमायलेज, आणि स्कॅन, या तिनांपैकी दोन गोष्टी लागतात. लायपेज जास्त नेमकं. ट्रायग्लिसराइडमुळे आलेल्या सुजेत अमायलेज नॉर्मलही दिसू शकतं. रक्तातल्या आकड्यावरून पचन चांगलं की वाईट हे कळत नाही.

१९. तान्ह्या बाळाला आणि म्हाताऱ्या माणसाला विकरं कमी असतात का?

बाळात स्वादुपिंडाचं अमायलेज पहिले सहा महिने फारच कमी असतं. दुधाला त्याची गरजही नसते. मेदासाठी जठरातलं लायपेज असतं, आणि आईच्या दुधातही पित्तक्षारांनी जागं होणारं लायपेज येतं. वय वाढल्यावर स्वादुपिंडाचा स्राव थोडा घटतो, पण शिल्लक एवढी असते (प्र. १४) की नुसत्या वयामुळे अपचन होत नाही. म्हाताऱ्या माणसाचं वजन घटत असेल तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका.

२०. सीलिअॅक आहे. ग्लूटेन पचवणारी गोळी घेऊन पाव खाल्ला तर चालेल का?

चालणार नाही. ग्लूटेनमध्ये प्रोलीन हे अमिनो आम्ल ठासून असतं, आणि तिथे पेप्सिन, ट्रिप्सिन सगळीच अडतात. ३३ अमिनो आम्लांचा एक तुकडा तर अखंडच उरतो आणि तोच प्रतिकारशक्तीला चेतवतो. हे निरोगी माणसातही होतं, म्हणजे सीलिअॅक हा विकराच्या उणिवेचा आजार नव्हे. बाजारातल्या गोळ्या पदार्थातलं सगळं ग्लूटेन वेळेत संपवतील याची खात्री नाही, आणि अस्तर बिघडायला थोडंसंही पुरतं.

२१. मधुमेहासाठी अकार्बोज घेतो. हे विकर बंद करतं म्हणे. मग साखर एकदम उतरली तर काय खायचं?

अकार्बोज अस्तरावरच्या सुक्रेज, माल्टेज यांच्या खाचा अडवून ठेवतं, त्यामुळे जेवणानंतरची साखर हळू चढते. एकटं घेतलं तर सहसा साखर उतरत नाही. पण इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी सोबत असेल तर उतरू शकते. अशा वेळी नेहमीची साखर, सरबत किंवा बिस्कीट उपयोगाचं नाही: ती साखर तोडणारं विकरच अडवलेलं आहे, आणि हात थरथरत असताना वाट बघायला वेळ नसतो. १५ ते २० ग्रॅम शुद्ध ग्लुकोज, पावडर किंवा गोळ्या, पाण्याबरोबर घ्या. त्याला तोडावं लागत नाही, ते थेट शोषलं जातं. १५ मिनिटांनी साखर पुन्हा मोजा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, रुग्णवाहिका बोलवा. ग्लुकोजचा पुडा औषधाच्या डबीतच ठेवा आणि घरातल्यांना हा फरक आधीच सांगून ठेवा, कारण घाईत त्यांचा हात साखरेच्या डब्याकडेच जाणार.